फिटच्या गोळ्या, लग्न आणि लिव्हरची भीती

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी २२ वर्षांची. दोन वर्षांपूर्वी तिला दोन मोठ्या फिट आल्या आणि तेव्हापासून सोडियम व्हॅल्प्रोएटची ५०० ची गोळी सकाळ-संध्याकाळ सुरू आहे. गेल्या वर्षभरात मात्र एकही फिट नाही. आता स्थळं पाहताय. ‘इतकी वर्षं गोळ्या घेतल्या की लिव्हर जातं’ असं नातेवाईक सांगतात, आणि सासरी गोळ्या दिसल्या तर काय, ही चिंता वेगळीच. गोळ्या बंद करता येतील का, आणि चालू ठेवायच्या तर काय सांभाळायचं, असं तुम्ही विचारलंय.

मी मेंदूविकारांची डॉक्टर आहे आणि माझ्या ओपीडीत असे प्रश्न घेऊन खूप आया येतात. उत्तर आधी सांगते. गोळी आज बंद करू नका, स्वतःच्या मनाने अर्धीही करू नका. पण लग्न ठरेपर्यंत वाटही पाहू नका. याच महिन्यात तिच्या न्यूरॉलॉजिस्टची वेळ घ्या. तिचं वय आणि नेमकं हे औषध यांचा विचार एकत्र करावा लागतो, आणि औषध बदलायचं ठरलं तर त्याला काही महिने लागतात.

फिटच्या औषधाचा सर्वांत मोठा धोका गोळी घेण्यात नसून ती अचानक थांबण्यात असतो. रक्तात औषधाची एक पातळी टिकून असते, तिच्या जोरावर मेंदू शांत राहतो. दोन-तीन दिवस गोळी सुटली की पातळी घसरते आणि पूर्वीपेक्षा जोरदार फिट येऊ शकते. कधी एकामागून एक येत राहतात आणि आयसीयूत न्यावं लागतं. क्लोबाझाम, क्लोनाझेपाम आणि फेनोबार्बिटोन (गार्डिनल) ही औषधं तर एकदम तोडली की ज्याला महिनोन्‌महिने फिट नव्हती त्यालाही येते. आणखी एक गोष्ट सांगायला जड जाते, पण घरच्यांना माहीत असावी. अपस्मार, म्हणजे फिटचा आजार, असलेल्या हजार प्रौढांमागे वर्षाला साधारण एकाचा झोपेत किंवा फिटनंतर अचानक मृत्यू होतो, आणि हा धोका ज्यांच्या मोठ्या फिट ताब्यात नाहीत त्यांना सर्वाधिक असतो. फिट ताब्यात ठेवणारी गोळी यापासूनही वाचवते.

म्हणून पहिली काळजी साधी आहे. रोज ठरलेल्या वेळी गोळी, आणि घरात निदान दहा-पंधरा दिवसांचा साठा. सात दिवसांच्या खणांची डबी मेडिकलमध्ये मिळते, ती घ्या. गोळी घेतली की नाही हा संशयच राहत नाही. दिवसातून दोनदा घ्यायची गोळी विसरली आणि पाच-सहा तासांत आठवली तर लगेच घ्यायची. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर सुटलेली सोडून द्यायची, दोन एकदम घ्यायच्या नाहीत. घेतल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली आणि गोळी बाहेर पडलेली दिसली तर पुन्हा घ्यावी. पोट बिघडून दिवसभर काहीच टिकत नसेल तर घरी बसू नका, दवाखान्यात इंजेक्शनवाटे औषध देता येतं. लॅमोट्रिजिन घेणाऱ्यांना एक वेगळी सूचना: ती चार-पाच दिवसांहून जास्त सुटली तर परत पूर्ण डोसने सुरू करायची नाही, अंगावर गंभीर पुरळ येण्याचा धोका असतो. डॉक्टर ती पुन्हा खालच्या पायरीपासून चढवतात.

आता तुमच्या मुलीच्या औषधाबद्दल. व्हॅल्प्रोएट हे फिटवर फार गुणकारी औषध आहे, काही प्रकारच्या अपस्मारात त्याच्याइतकं दुसरं चालत नाही. पण गरोदरपणी ते चालू असेल तर शंभरातल्या साधारण दहा बाळांत जन्मतः मोठं व्यंग आढळतं. एरवी हे प्रमाण शंभरात दोन-तीन असतं. पाठीचा कणा नीट न जुळणं, टाळू दुभंगणं, हृदयातले दोष ही त्यातली काही. शिवाय अशा गरोदरपणातून जन्मलेल्या शंभरापैकी तीस ते चाळीस मुलांत बोलणं, शिकणं, वागणं यांत अडचणी दिसतात. डोस वाढेल तसा धोका वाढतो. म्हणूनच २०१८ मध्ये ब्रिटनच्या औषध नियंत्रकांनी, मूल होऊ शकणाऱ्या वयातल्या बाईला गर्भधारणा टाळण्याची पक्की व्यवस्था केल्याशिवाय हे औषध द्यायचं नाही, असा नियम केला. आपल्याकडे थिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत १९९८ पासून अपस्मार असलेल्या गरोदर बायकांची नोंदवही ठेवली जाते. आपल्याच देशातल्या बायकांच्या त्या नोंदींतूनही व्हॅल्प्रोएटचा हा धोका दिसला आहे.

हे वाचून घाबरून गोळी फेकून देऊ नका, ती सर्वांत वाईट चाल ठरेल. लेव्हेटिरासिटाम आणि लॅमोट्रिजिन ही दोन औषधं गरोदरपणात बरीच सुरक्षित ठरली आहेत, त्यांच्यावर असताना व्यंगाचं प्रमाण इतर बायकांच्या जवळपास राहतं. बदल मात्र सावकाश करावा लागतो. व्हॅल्प्रोएट चालू असताना लॅमोट्रिजिनची रक्तातली पातळी जवळजवळ दुप्पट होते, म्हणून ती अगदी छोट्या डोसपासून, पंधरा-पंधरा दिवसांनी वाढवत नेतात आणि मग व्हॅल्प्रोएट उतरवतात. या काळात एखादी फिट येऊ शकते. मुलीने तेवढे महिने गाडी चालवू नये, एकटीने पोहू नये. हे सगळं हळद लागायच्या आधी उरकलेलं बरं. लग्नाची धावपळ, जागरणं आणि नवं घर यांत औषध बदलायला मला स्वतःला कधीच आवडत नाही.

सोबत फोलिक अ‍ॅसिडची गोळी विचारून घ्या, आपल्याकडे अशा बायकांना बहुधा ५ मिलिग्रॅमची देतात. बाळाच्या कण्याची नळी गर्भ राहिल्यापासून चार आठवड्यांत मिटते, म्हणजे पाळी चुकल्याचं पुरतं लक्षात येण्याआधीच. म्हणून फोलिक अ‍ॅसिड आधीपासून चालू हवं. आणि एखाद्या वाचक ताईला व्हॅल्प्रोएट चालू असतानाच दिवस गेले असतील, तर तिनेही गोळी आपण होऊन थांबवायची नाही. मोठी फिट आई आणि बाळ दोघांनाही घातक असते. दोन-तीन दिवसांत न्यूरॉलॉजिस्ट आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांना भेटा.

सासरच्यांपासून लपवण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. लपवलेली गोळी हमखास चुकते. बाथरूममध्ये कोंडून घाईने घेतलेली, कपाटात साड्यांखाली ठेवलेली, पाहुणे आले म्हणून राहून गेलेली. लग्नानंतर पहिल्या काही महिन्यांत फिट येऊन माझ्याकडे आलेल्या बहुतेक मुलींची कहाणी हीच असते. मग फिटही दिसते आणि लपवल्याचा राग तेवढा वाढतो. हिंदू विवाह कायद्यात पूर्वी अपस्मार हा लग्नाला अडथळा मानला होता, १९९९ च्या दुरुस्तीने तो शब्द काढून टाकला. कायद्याच्या नजरेत तुमच्या मुलीत काहीही कमी नाही. पण मुद्दाम दडवून ठेवल्याचा आरोप कोर्टात वेगळा उभा राहू शकतो. मुलाला आणि त्याच्या आईवडिलांना घेऊन डॉक्टरांकडे या, आम्ही समजावून सांगतो. बऱ्याच घरांत त्या अर्ध्या तासात भीती निघून जाते. ज्या घरात जात नाही, ते घर मुलीसाठी योग्य नव्हतं हे आधीच कळतं.

लिव्हरचं म्हणाल, तर भीती पूर्ण खोटी नाही, पण चुकीच्या प्रमाणात पसरली आहे. व्हॅल्प्रोएटमुळे लिव्हरला गंभीर इजा होते ती फार क्वचित, आणि जास्त करून दोन वर्षांखालच्या, एकापेक्षा अधिक औषधं घेणाऱ्या किंवा चयापचयाचा जन्मजात दोष असलेल्या मुलांत, सुरुवातीच्या सहा महिन्यांत. दोन वर्षं व्यवस्थित घेणाऱ्या तरुण मुलीत ती शक्यता खूपच कमी. लिव्हरच्या रक्ततपासणीत एन्झाइमचा आकडा थोडा वर दिसला म्हणून औषध बंद करायचं नसतं. पण सतत मळमळ, भूक पार जाणं, डोळे पिवळे होणं, विनाकारण सुस्ती किंवा गोंधळल्यासारखं वागणं, नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त, पोटात वरच्या बाजूला पाठीपर्यंत जाणारी तीव्र कळ, यातलं काही झालं तर त्याच दिवशी दाखवा. रोजच्या त्रासांत वजन वाढणं, केस गळणं, हातांची बारीक थरथर आणि पाळी अनियमित होणं हे जास्त दिसतं. मुली संकोचाने सांगत नाहीत, आणि वजनाच्या धास्तीने गुपचूप गोळी कमी करतात. तिला एकदा प्रेमाने विचारा.

दुसऱ्या औषधांवर असलेल्या वाचकांसाठी थोडं. फेनिटॉइन (एप्टॉइन), कार्बामाझेपिन आणि लॅमोट्रिजिन सुरू केल्यावर पहिल्या दोन महिन्यांत अंगावर पुरळ आलं, त्यातही ताप, तोंडात किंवा डोळ्यांत फोड, कातडी सोलणं असं असेल, तर थेट हॉस्पिटल गाठा. औषध चालू ठेवायचं की नाही हे तिथेच, त्याच दिवशी ठरवतात. स्किनचं मलम लावून वाट पाहणं जिवावर बेतू शकतं. एचएलए-बी १५०२ नावाचा जनुकीय प्रकार असलेल्यांना कार्बामाझेपिनने ही गंभीर रिअ‍ॅक्शन होण्याचा धोका फार असतो. आशियाई वंशाच्या रुग्णांसाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००७ मध्ये तसा इशारा दिला. फेनिटॉइनचं गणित फसवं आहे. ठरावीक पातळीनंतर डोस जरासा वाढवला तरी रक्तातलं प्रमाण एकदम उसळतं आणि माणूस दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खातो, बोलणं अडखळतं, दोन-दोन दिसतं. म्हणून ‘एक गोळी जास्त घे, बरं वाटेल’ हा सल्ला फेनिटॉइनला कधीही लावू नका. त्याने हिरड्याही वाढतात, दात नीट घासणं आणि दाताच्या डॉक्टरांना औषधाचं नाव सांगणं गरजेचं. लेव्हेटिरासिटामने लिव्हरला सहसा काही होत नाही, पण चिडचिड, रडू येणं, उदासी येऊ शकते. शांत मुलगा अचानक भांडखोर झाला तर त्याला बोलू नका, औषधाच्या डॉक्टरांना कळवा. फिटच्या सगळ्याच औषधांवर असताना मनात जगणं नको असे विचार येऊ लागले तर ते दडवायचे नाहीत. टेली-मानसची १४४१६ ही सरकारी हेल्पलाइन मराठीतही बोलते.

आता ज्या गोष्टीकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं तिच्याबद्दल: बाकीची औषधं. तापासाठी, दातासाठी, पायाच्या दुखण्यासाठी कुठल्याही दवाखान्यात गेलात तरी पहिलं वाक्य ‘फिटची ही गोळी चालू आहे’ असं असावं. टीबीच्या उपचारात रिफाम्पिसिन फिटच्या अनेक औषधांची पातळी पाडतं, तर त्याच पाकिटातलं आयसोनियाझिड फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिनची पातळी चढवतं. आपल्याकडे टीबी इतका आहे की ही गाठ नेहमी पडते; दोन्ही डॉक्टरांना एकमेकांच्या चिठ्ठ्या दाखवा. क्लॅरिथ्रोमायसिनने कार्बामाझेपिन वाढून चक्कर आणि उलट्या सुरू होतात. हॉस्पिटलात जंतुसंसर्गासाठी मेरोपेनेम लावलं तर व्हॅल्प्रोएटची पातळी एक-दोन दिवसांत कोसळते, म्हणून अ‍ॅडमिट होताना व्हॅल्प्रोएटचं नाव ठळक सांगा. दुखण्यासाठी सर्रास दिली जाणारी ट्रामाडॉल आणि जुलाब किंवा लघवीच्या जंतुसंसर्गासाठीची सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन ही औषधं फिट येणं सोपं करतात; पर्याय मागा. कार्बामाझेपिन आणि फेनिटॉइनमुळे गर्भनिरोधक गोळ्या निकामी ठरू शकतात, तातडीची गोळीसुद्धा. उलट इस्ट्रोजेन असलेली गर्भनिरोधक गोळी लॅमोट्रिजिनची पातळी निम्म्यावर आणू शकते. तांबीला यातली अडचण येत नाही. तुमची मुलगी लॅमोट्रिजिनवर गेली तर हे वाक्य लक्षात असू द्या.

‘फिट मुळापासून घालवतो’ म्हणून मिळणाऱ्या बिनलेबलच्या पुड्या आणि गोळ्या टाळा. अशा औषधांत फेनोबार्बिटोन मिसळलेलं सापडल्याच्या नोंदी आपल्या देशात आहेत. त्याने काही दिवस फिट थांबते, लोकांचा विश्वास बसतो आणि पुडी संपली की जोराचे झटके येतात. योग, प्राणायाम, पूजा हे सगळं करा, गोळीच्या सोबत करा. आणि देवघरातला कापूर लहान मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवा, पोटात गेला तर धडधाकट मुलालाही फिट येते.

मेडिकलमध्ये गोळी घेताना नाव आणि मिलिग्रॅम दोन्ही वाचा. लॅमोट्रिजिनच्या ऐवजी लॅमिव्हुडिन, जे वेगळ्याच आजाराचं औषध आहे, दिलं गेल्याच्या घटना जगभर घडल्या आहेत. ज्या कंपनीची गोळी चालू आहे तीच शक्यतो घ्या. बदलावीच लागली तर डॉक्टरांना सांगून, आणि साधी गोळी की सावकाश विरघळणारी हे तपासून. ‘क्रोनो’, ‘सीआर’, ‘ईआर’ लिहिलेल्या गोळ्या कुटायच्या किंवा चावायच्या नाहीत, सगळं औषध एकदम बाहेर पडतं. फेनिटॉइनचं सिरप तळाशी बसतं. बाटली नीट हलवली नाही तर सुरुवातीचे डोस कमी आणि शेवटचे जास्त पडतात. मोजायला घरातला चमचा नको, बाटलीसोबतचं माप किंवा सुई काढलेली सिरिंज वापरा. कोकणात, गोव्यात, मुंबईत पावसाळ्यात आणखी एक दक्षता: दमट हवेत कार्बामाझेपिनच्या गोळीचा परिणाम एक तृतीयांशाने कमी होऊ शकतो आणि व्हॅल्प्रोएट पाणी ओढून चिकट होतं. गोळ्या पाकिटातून आधीच सोडवून ठेवू नका, डबीत जेमतेम आठवड्याच्या ठेवा, त्याही बाथरूम आणि मोरीपासून लांब. व्हॅल्प्रोएट डबीतही फॉइलसकट कापूनच ठेवा.

उपवास मोडेल म्हणून गोळी राहिली, असं श्रावणात आणि नवरात्रात फार ऐकते. पाण्यासोबत गोळी घेतल्याने कुठलाही उपवास मोडत नाही. तुमच्या घरच्या मोठ्यांनी मुलीला हे एकदा तोंडाने सांगावं, तिच्या मनावरचं ओझं उतरेल. निर्जळी मात्र तिने करू नये. रमजानचे रोजे धरणाऱ्यांनी महिनाभर आधी डॉक्टरांकडून वेळा बसवून घ्याव्यात, दिवसातून एकदा घेता येणाऱ्या गोळ्या असतात. उपवासापेक्षाही जागरण घातक. गणपतीतली रात्र, लग्नातली रात्र, परीक्षेची रात्र, यांत मिळून झोपही जाते आणि गोळीही चुकते. वारीला जाणाऱ्यांनी गोळ्या दोन ठिकाणी ठेवाव्यात, थोड्या स्वतःकडे आणि थोड्या दिंडीतल्या सोबत्याकडे. टोपिरामेट घेणाऱ्या मुलांना घाम कमी येतो, विदर्भातल्या मे महिन्यात ती उन्हात तापतात. पाणी भरपूर, दुपारचा खेळ बंद. परदेशी, विशेषतः आखाती देशांत जाताना क्लोनाझेपाम, फेनोबार्बिटोन यांसारख्या औषधांना तिथे आगाऊ परवानगी लागू शकते. मूळ चिठ्ठी आणि डॉक्टरांचं पत्र हातातल्या बॅगेत ठेवा. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी उपाशी पोटी असतानाही घोटभर पाण्यासोबत गोळी घ्यायची असते, भूलतज्ज्ञांना आदल्या दिवशी विचारून घ्या.

गाडीचं विचाराल तर लायसन्सच्या नमुना १ मध्ये अपस्माराबद्दल थेट प्रश्न असतो. खोटं उत्तर देऊन स्कूटी चालवायला देऊ नका.

तरीही एखादे दिवशी फिट आलीच तर कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा, घड्याळ बघा. तोंडात चमचा, बोट, पाणी, गोळी काही घालायचं नाही. कांदा आणि चप्पल हुंगवण्यात गेलेला वेळ वाया जातो. नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे डॉक्टरांकडून लिहून घ्या. वजनाप्रमाणे किती वेळा मारायचा ते बाटलीवरच पेनाने लिहून ठेवा, आणि तो कसा वापरायचा हे घरातल्या दोघांना तरी यावं. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्ध न येता दुसरी सुरू झाली, तर १०८.

राहिला तुमचा मूळ प्रश्न, कायमची बंद कधी. साधारणपणे निदान दोन वर्षं फिटशिवाय गेल्यावरच हा विचार सुरू होतो, आणि मग काही महिने हळूहळू उतरवत. तुमच्या मुलीचं अजून एकच वर्ष झालंय. पण तिला एक गोष्ट आवर्जून विचारा: सकाळी उठल्यावर हात अचानक उडतात का, चहाचा कप किंवा कंगवा हातातून सुटतो का? दोन वर्षांपूर्वीच्या त्या फिट झोप अपुरी झाल्यानंतर, सकाळच्या वेळी आल्या होत्या का? तसं असेल तर तो तरुण वयात सुरू होणारा एक विशिष्ट अपस्मार असू शकतो. तो कमी औषधात छान ताब्यात राहतो, पण गोळी बंद केली की बहुतेकांत परततो. त्यात कार्बामाझेपिन आणि फेनिटॉइनने त्रास वाढतो, लॅमोट्रिजिननेही काहींचे हात जास्त उडतात, त्यामुळे बदली औषध निवडताना ही माहिती निर्णायक ठरते. पहिल्या फिटच्या वेळचा ईईजी (मेंदूच्या लहरींचा आलेख), एमआरआय, सगळ्या जुन्या चिठ्ठ्या आणि मोबाइलवर कुणी व्हिडिओ काढला असेल तर तो, हे घेऊन जा. मुलीलाच बोलू द्या, आणि थोडा वेळ तुम्ही बाहेर बसा. वजन, पाळी, चुकलेल्या गोळ्या याबद्दल ती डॉक्टरांशी एकटी असताना जास्त मोकळी बोलेल.